नऊ कोटी ओळी आणि १६ जीबीचा लॅपटॉप: सात महिन्यांनंतर

विक्रीच्या टेबलात सुमारे ९ कोटी ओळी आणि लॅपटॉपला १६ जीबी रॅम. पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) रिफ्रेश दाबलं की पंखा घरघरायला लागायचा. नवा डेटा भरून होईपर्यंत जुनाही मेमरीत राहतो, त्यामुळे मशीन दोन्हींच्या ओझ्याखाली दबायचं. सात महिन्यांपूर्वी ठरवलं, लॅपटॉपवर फक्त तुकडा ठेवायचा, सगळा डेटा सर्व्हिसवरच, म्हणजे पॉवर बीआयच्या क्लाउडवर, भरायचा.

त्यासाठी इन्क्रिमेंटल रिफ्रेश (सगळं पुन्हा न भरता फक्त अलीकडचा डेटा ताजा करणं) लावलं. त्याला रेंजस्टार्ट आणि रेंजएंड असे दोन पॅरामीटर लागतात, तुकड्याची सुरुवात आणि शेवट सांगणारे. नावं ठरलेली आहेत, स्पेलिंगमधलं लहान-मोठं अक्षरही चुकून चालत नाही, आणि प्रकार तारीख-वेळच हवा. तारखेच्या फिल्टरमध्ये बरोबरचं (=) चिन्ह एकाच टोकाला द्यायचं. मी दोन्हीकडे दिलं होतं. लॅपटॉपवर एकच तुकडा, त्यामुळे काही कळलंच नाही. सर्व्हिसवर पार्टिशन (अलीकडच्या डेटाचे महिन्यागणिक, जुन्याचे वर्षागणिक भाग) पडल्यावर सीमेवरची तारीख दोन्ही पार्टिशनमध्ये गेली. आमच्या तारखांना वेळ नसते, म्हणजे त्या दिवसाची अख्खी विक्री दुप्पट! अलीकडच्या महिन्यांत दर १ तारखेचा बार उंच दिसायचा आणि आम्ही सगळे ‘पगार झालेला असतो ना’ म्हणून माना डोलवत होतो. जुन्या वर्षांत मात्र हा उंचवटा फक्त १ जानेवारीला होता. तिथे शंका आली.

दुसरी गोष्ट क्वेरी फोल्डिंगची, म्हणजे गाळण्याचं काम मूळ डेटाबेसकडूनच करून घेण्याची. फिल्टर मूळ डेटाबेसपर्यंत पोचला नाही तर सगळ्या ओळी आधी ओढल्या जातात आणि मग गाळल्या जातात. मग तुकड्याचा उपयोग शून्य. माझ्याकडे फिल्टरच्या आधी कुणीतरी (मीच) ओळींना क्रमांक देणारा इंडेक्स कॉलम घातला होता, त्याने फोल्डिंग तुटलं. आता स्टेपवर राइट क्लिक करून नेटिव्ह क्वेरीत (डेटाबेसला प्रत्यक्ष जाणाऱ्या क्वेरीत) तारखेची अट दिसते का, हे बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

पण खरी मेख तुकडा निवडण्यात आहे. सुरुवातीला एकच महिना घेतला, तर मागच्या वर्षाशी तुलना करणारी सगळी मेजर्स (रिपोर्टमधली हिशेबाची सूत्रं) रिकामी. आता १४ महिने घेतो, आणि वजन कमी ठेवायला दुसऱ्या पॅरामीटरने तीनच दुकानं. ग्राहक, वस्तू, कॅलेंडर ही टेबलं मात्र पूर्ण. पहिल्या हजार ओळी घेण्याचा मोह टाळा, त्या बहुधा एकाच जुन्या आठवड्यातल्या निघतात. टेबलांमधली रिलेशनशिपही डेस्कटॉपच्या अंदाजावर सोडू नका. माझ्या तुकड्यात प्रत्येक बिलाला एकच पेमेंट होतं, म्हणून डेस्कटॉपने बिल आणि पेमेंटचं एकास-एक नातं जोडलं. पूर्ण डेटात हप्त्यांची बिलं आली आणि डुप्लिकेट व्हॅल्यूची एरर देऊन रिफ्रेश कोसळला.

सगळ्यात जास्त आवडलं ते पीबीआयपी फॉरमॅटमध्ये (एका फाइलीऐवजी फोल्डरभर फाइली) सेव्ह करणं. मॉडेल, म्हणजे टेबलं, नाती आणि मेजर्सची मांडणी, टीएमडीएल नावाच्या भाषेतल्या टेक्स्ट फाइलींमध्ये राहतं, डेटा वेगळ्या कॅश फाइलमध्ये, आणि ती गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) जात नाही. सहकाऱ्याने गिटमधला रेपो (प्रोजेक्टचं फोल्डर) घेतला की टेबलं रिकामी उघडतात, तरी मेजर लिहिता येतं, नावं बदलता येतात. माझं निम्मं काम असंच होतं.

गैरसोयही आहे. इन्क्रिमेंटल रिफ्रेश लावलेलं मॉडेल सर्व्हिसवरून परत पीबीआयएक्स (डेस्कटॉपची नेहमीची फाइल) म्हणून उतरवता येत नाही. डेस्कटॉपवरून पुन्हा पब्लिश केलं की पार्टिशन उडतात आणि सगळा इतिहास नव्याने भरावा लागतो. एका शुक्रवारी संध्याकाळी हे शिकलो. तेव्हापासून एएलएम टूलकिट या दोन मॉडेलं ताडून बघणाऱ्या टूलने फक्त बदल पाठवतो. त्याला एक्सएमएलए एंडपॉइंट (बाहेरच्या टूलना सर्व्हिसवरच्या मॉडेलशी जोडणारं दार) लागतो, म्हणजे पॉवर बीआयचं साधं प्रो लायसन्स पुरत नाही.

आणि व्हिज्युअल (रिपोर्टमधला तक्ता किंवा आलेख) किती सेकंदांत येतं हे लॅपटॉपवर मोजणं मी सोडून दिलंय. तीन दुकानांवर झटक्यात येणारा डिस्टिंक्ट काउंट (वेगवेगळ्या नोंदींची मोजणी) सगळ्या दुकानांवर किती रेंगाळतो, ते सर्व्हिसवरच कळतं.