स्वसंरक्षणाचा वर्ग निवडताना: पुण्यातील तीन वर्गांचा अनुभव

माझी मुलगी १४ वर्षांची आहे आणि शिकवणीहून घरी यायला तिला रात्रीचे साडेआठ होतात, म्हणून आम्ही दोघींनी बरोबरच स्वसंरक्षण शिकायचे ठरवले आणि घराजवळचे तीन वर्ग पाहून अखेर तिसऱ्यात नाव घातले.

पहिला वर्ग कराटेचा होता. शिस्त उत्तम, शिकवणेही मनापासून. परंतु बराचसा वेळ काता (ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा क्रम) आणि पुढच्या पट्ट्याच्या परीक्षेच्या तयारीत जातो. वर्षानुवर्षे टिकणाऱ्या मुलीला त्याचा लाभ होतोच, आम्हाला मात्र तेवढा धीर नव्हता. दुसरी दोन तासांची कार्यशाळा होती. तेथे प्रशिक्षकाने न विचारता एका मुलीचा गळा मागून आवळून दाखवला आणि ती रडवेली झाली तेव्हा 'हल्ला करणारा काय विचारून येतो?' एवढेच म्हटले. आम्ही तेथून उठून आलो.

तिसऱ्या वर्गातील बाई प्रत्येक वेळी 'हात धरू का?' असे विचारतात आणि नाही म्हटले की थांबतात. माझ्या दृष्टीने निवडीची पहिली कसोटी हीच, कारण किशोरवयीन मुलींना मोठ्या माणसाला 'नाही' म्हणण्याचीच सवय नसते आणि त्रास देणारा अनेकदा ओळखीतलाच असतो. पहिल्या दिवशी ठोसा नाही की लाथ नाही. पाय रोवून उभे राहायचे, तळवे छातीपुढे धरायचे आणि पोटातून 'मागे हो!' असे ओरडायचे. माझ्या लेकीचा आवाज तीनदा घशातच अडकला. चौथ्यांदा तो असा फुटला की शेजारच्या खोलीतली माणसे डोकावली.

मनगट धरले तर पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात काढायचा, कारण पकड तेथे सर्वांत कमकुवत असते, हे सगळेच दाखवतात. येथे धरणारी खरोखर जोर लावते, त्यामुळे हात पहिल्या झटक्यात सुटत नाही हेही कळते. सुटताच वस्तीकडे पळायचे आणि ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक फिरवायचा, इथपर्यंतचा सराव होतो. भारतीय न्याय संहितेने दिलेला स्वसंरक्षणाचा हक्क आणि बळ गरजेपुरतेच वापरण्याची त्याची मर्यादाही बाईंनी एका तासाला समजावून सांगितली.

उणीव एकच: वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिन्यात दिवा नाही. आम्ही दोनदा सांगितले आहे. तो लागेपर्यंत मुलींना खालपर्यंत सोडायला बाई स्वतः येतात.