एसएसचा बिल्ला, आत मलिबू

अमेरिकेत राहून जुनी मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची दमदार गाडी, घ्यायचं मनात असेल आणि कोणी शेव्हर्लेची 1970 ची शेव्हेल एसएस 454 (एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट, 454 हा इंजिनाचा घन इंचांतला आकार) दाखवली, तर पैसे देण्याआधी हे वाचा. त्या नावाखाली मला शेव्हेलचंच साधं मॉडेल, मलिबू, विकलं गेलं.

मिशिगनमधल्या त्या विक्रेत्याकडे दोन गाड्या होत्या. एक 1970 ची पाँटिअ‍ॅक जीटीओ, दुसरी ही शेव्हेल. दोन्ही जनरल मोटर्सच्याच. जीटीओचं 455 इंजिन 360 अश्वशक्तीचं, तर शेव्हेलचं एलएस6, म्हणजे 454 चा सर्वांत ताकदवान प्रकार, तब्बल 450 चं. माझा ओढा कुठे आहे हे त्याने लगेच हेरलं.

खरा फरक पुराव्यात आहे. 1966 ते 1971 च्या जीटीओचा चासी नंबर 242 ने सुरू होतो. शिवाय पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे पैसे भरले की कारखान्याच्या मूळ बिलाची नक्कल मिळते. शेव्हेल एसएस 396 लाही 1966 ते 68 या काळात स्वतःचा 138 होता. पण 1969 पासून एसएस हे नुसतं ऑप्शन पॅकेज झालं. त्यामुळे 1970 ची अस्सल एसएस असो की व्ही8 मलिबू, नंबर 136 नेच सुरू होतो. लबाडी इथेच खपते.

बॉनेट, पट्टे, बिल्ले सगळं नवं बनवलेलं विकत मिळतं. त्याने बिल्ड शीटही, म्हणजे गाडी जोडताना कारखान्यात वापरलेला तपशिलाचा कागद, काढून दाखवली. पिवळी पडलेली, कडा फाटलेल्या. म्हणे पेट्रोलच्या टाकीवर सापडली. इंजिनाच्या ब्लॉकवर, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढच्या पट्टीवर, एलएस6चा सीआरआर हा कोड आणि गाडीच्या नंबरातले आकडे ठोकलेले. सगळं जुळत होतं.

पुढे एका जुन्या मेकॅनिकने ती पट्टी बॅटरीच्या उजेडात पाहिली. कारखान्यात ती तासताना बारीक समांतर रेघा उमटतात. इथे त्या घासून काढल्या होत्या आणि वर नवे आकडे ठोकले होते. मग ब्लॉकवरची ओतकामाची तारीख पाहिली: जे 14 0, म्हणजे 14 ऑक्टोबर 1970. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावरच्या) टॅगवर 03सी, म्हणजे गाडी बनल्याचा मार्चचा तिसरा आठवडा. गाडी मार्चची आणि तिचं ‘मूळ’ इंजिन ऑक्टोबरचं!

विक्रेत्याला जाब विचारला तर त्याने पावतीकडे बोट दाखवलं. तिच्यावर फक्त ‘1970 शेव्हर्ले शेव्हेल, आहे त्या स्थितीत’. एसएस नाही, 454 नाही, नंबर्स मॅचिंग (इंजिन त्याच गाडीचं मूळचं) नाही. तोंडाने दिलेली हमी त्याने साफ नाकारली, आणि ती सिद्ध करणं अवघड आहे असं वकिलानेही सांगितलं. त्या माणसाने हे सगळं ठरवून केलं होतं, याचा मला आजही संताप येतो.

ओतकामाच्या तारखा स्वतःच्या माणसाकडून तपासून घ्या. ‘मूळ एलएस6 इंजिन असलेली अस्सल एसएस’ असं पावतीवर लिहून मागा. का-कू केली तर तिथून निघा. कागद नसलेल्या शेव्हेलला मलिबूचाच भाव द्या. माझ्या मते तेवढ्याच पैशांत कागदोपत्री सिद्ध झालेली जीटीओ कधीही चांगली. फक्त ती ‘जज’ म्हणून दाखवली, तर 242 वर थांबू नका. जज हे जीटीओवरचं पॅकेज होतं. ते चासी नंबरात दिसत नाही, त्या बिलाच्या नकलेत दिसतं.