सिव्हिलायझेशन ६: जंगलतोडीचा हिशोब, आठ महिन्यांच्या वापरानंतर

सिव्हिलायझेशन ६ हा शहरं वसवून साम्राज्य वाढवायचा, टर्न म्हणजे पाळीपाळीनं खेळायचा संगणकावरचा गेम २०१६ सालचा. ग्राफिक्स, संगीत, नेत्यांची यादी यांवर आता नव्यानं लिहिण्यासारखं फार उरलेलं नाही. हा अनुभव एकाच गोष्टीचा आहे: नकाशावरचं जंगल, दलदल, दगड, गहू, तांदूळ सुरुवातीलाच वापरून संपवणं, म्हणजे खेळणाऱ्यांच्या भाषेत चॉप करणं. वापर आठ महिन्यांचा, 'गॅदरिंग स्टॉर्म' विस्तारासकट, स्टँडर्ड स्पीडवर. खालचे आकडे त्याच स्पीडचे आहेत, ऑनलाइन स्पीडला निम्मे धरा.

आधी मूळ भाव. एका टाइलवरचं (नकाशावरच्या एका षटकोनावरचं) जंगल तोडलं की २० प्रॉडक्शन (शहराच्या बांधकामात जाणारं उत्पादन), दलदल काढली की २० अन्न, वर्षावन तोडलं की १० अन्न आणि १० प्रॉडक्शन. जंगलाला मायनिंग हे टेक (तंत्रज्ञान) लागतं, वर्षावनाला ब्राँझ वर्किंग, दलदलीला इरिगेशन. रिसोर्सपैकी फक्त बोनसवाले, म्हणजे गहू, तांदूळ, दगड असे साधे, काढता येतात. लक्झरी आणि स्ट्रॅटेजिक रिसोर्सला हात लावता येत नाही. हे भाव पहिल्या टर्नचे. टेक आणि सिव्हिक (सामाजिक संशोधन) यांपैकी ज्यात तुम्ही जास्त पुढे असाल, त्या प्रमाणात ते चढत जातात आणि शेवटी दहापट होतात. १० टक्के टेक झाले, म्हणजे साधारण सात-आठ, की १.९ पट: एका जंगलाचे ३८. २५ टक्क्यांना ३.२५ पट: ६५.

हा चढता आकडा बघून बरेच जण जंगल राखून ठेवतात, उद्या जास्त मिळेल म्हणून. इथेच गणित चुकतं, कारण डिस्ट्रिक्टची (शहराबाहेर टाइलवर बसणाऱ्या खास विभागाची) किंमतही त्याच सूत्रानं चढते. कॅम्पस (विज्ञानाचा डिस्ट्रिक्ट) किंवा होली साइटची (धर्माचा) मूळ किंमत ५४ प्रॉडक्शन, आणि तीही शेवटी दहापट. म्हणजे जंगल आज तोडा नाहीतर शंभर टर्ननी, नव्यानं मांडलेल्या डिस्ट्रिक्टचा तेवढाच, सुमारे ३७ टक्के, भाग त्यातून निघतो. थांबून हाती काहीच लागत नाही, उलट डिस्ट्रिक्ट तितके टर्न उशिरा उभा राहतो.

यावर एक चांगला उपाय गेममध्येच आहे. डिस्ट्रिक्ट नकाशावर मांडला की त्या क्षणाची किंमत त्याला कायमची चिकटते, मग तो पूर्ण केव्हाही करा. १० टक्के प्रगतीला मांडलेला डिस्ट्रिक्ट सुमारे १०२ ला पडतो. तसाच अर्धवट ठेवून २५ टक्क्यांना त्यात जंगल ओतलं, तर दोन झाडोऱ्यांत १३० मिळतात आणि काम होऊन वर उरतात. शहराची लोकसंख्या १, ४, ७ झाली की एकेका नव्या डिस्ट्रिक्टची मुभा मिळते, म्हणून त्याच टर्नला पुढचा डिस्ट्रिक्ट मांडून टाकायचा. बांधायची घाई नाही, मांडायची आहे.

आता बिल्डरचा (तोड आणि टाइलवरची बांधकामं करणाऱ्या कामगाराचा) खर्च, कारण तोड फुकट होत नाही. पहिला बिल्डर ५० प्रॉडक्शनचा, पुढचा प्रत्येक ४ नं महाग. त्याच्याकडे तीन चार्ज, म्हणजे तीन कामं. अगदी सुरुवातीला तिन्ही जंगलात घातले तर ६० मिळतात आणि ५० गेलेले असतात. १० प्रॉडक्शनसाठी तीन जंगलं गेली! हे म्हणजे पेरणीआधी बियाणंच खाऊन टाकणं. त्यातून जंगलात शिरायला दोन मूव्हमेंट लागतात आणि बिल्डरकडे असतात दोनच, त्यामुळे ज्या टर्नला शिरला त्या टर्नला तोड होत नाही. म्हणून पहिल्या बिल्डरचे चार्ज लक्झरीवर, खाणीवर किंवा कुरणावर घालवावेत. तोड फायद्यात येते ती पुढच्या जोडण्या जमल्यावर.

पहिली जोडणी म्हणजे मॅग्नस. शहरावर नेमायच्या या गव्हर्नरच्या ग्राउंडब्रेकर या गुणामुळे त्याच्या शहरात तोडीचं उत्पन्न ५० टक्क्यांनी वाढतं ('राइज अँड फॉल' या आधीच्या विस्तारात हे दुप्पट होतं, नंतर उतरवलं, आणि ते बरंच झालं). नेमल्यावर तो रुजू व्हायला पाच टर्न लागतात, हलवला तर पुन्हा पाच. म्हणून गव्हर्नर नेमायचं टायटल मिळालं की आधी मॅग्नस नेमायचा आणि त्याच पाच टर्नांत बिल्डर काढायचा. तो रुजू असताना दोन जंगलांत एक डिस्ट्रिक्ट अख्खा निघतो, ३० अधिक ३० विरुद्ध ५४. प्रगती कितीही झाली तरी हे प्रमाण तसंच राहतं.

दुसरी जोडणी पॉलिसी कार्डांची, म्हणजे सरकारात बसवायच्या धोरणांची. तोडीतून आलेलं प्रॉडक्शन शहरात त्या वेळी जे चालू असेल त्यात जातं, आणि त्या कामावर कार्डाची सवलत असेल तर ती तोडीलाही लागते. कॉलनायझेशन कार्ड सेटलरच्या (नवं शहर वसवणाऱ्याच्या) कामाला ५० टक्के जादा प्रॉडक्शन देतं. १० टक्के प्रगतीला जंगलाचे ३८, मॅग्नसनं ५७, कॉलनायझेशननं ८५. तिसरा सेटलर १४० चा असतो, म्हणजे दोन जंगलांत सेटलर बाहेर, आणि मॅग्नसला प्रोव्हिजनचं टायटल दिलेलं असेल तर शहराची लोकसंख्याही घटत नाही. आठ महिन्यांत सुरुवातीच्या तोडीचा याहून चांगला उपयोग दुसरा सापडला नाही. सेटलरमधून अख्खं शहर उभं राहतं, त्याला स्वतःची जंगलं मिळतात. तेच जंगल वॉरियरमध्ये किंवा मॉन्युमेंटमध्ये घातलं की विषय तिथेच संपतो.

तिसरी जोडणी फ्यूडलिझम या सिव्हिकची. त्यानं मिळणाऱ्या सर्फडम कार्डानं बिल्डरला दोन चार्ज जास्त मिळतात, तीनाचे पाच. चार्ज बिल्डर तयार होतानाच ठरतात. आधी बनवलेल्याला कार्ड लावून वाढत नाहीत. म्हणून फ्यूडलिझम दोन-तीन टर्नांवर आला असेल तर चालू बिल्डर शेवटच्या टर्नला थांबवून दुसरं काम लावा, कार्ड बसलं की पूर्ण करा. पिरॅमिड्स या वंडरनं (जगप्रसिद्ध वास्तूनं) आणखी एक चार्ज मिळतो. मोठी तोड खरी इथून सुरू होते.

चुका होतात त्या नेहमीच्याच. सगळ्यात महाग चूक म्हणजे जंगलावर थेट डिस्ट्रिक्ट किंवा वंडर मांडणं. जंगल गायब होतं आणि हाती शून्य येतं. आधी तोडा, मग मांडा. दुसरी चूक टाइलच्या मालकीची. उत्पन्न जवळच्या नाही, टाइल ज्याच्या नावावर आहे त्या शहराला जातं. शेजारच्या शहराची टाइल मॅग्नसच्या शहरापासून तीन टाइलांत असेल तर नागरिक नेमायच्या पडद्यावरून ती आधी अदलाबदल करून घ्या. तिसरी, बटण दाबण्याआधी शहरात काय चालू आहे ते न बघणं. बटणावर माऊस नेला की मिळणारा आकडा दिसतो. डोळे तिकडे जातात आणि ३८ प्रॉडक्शन भलत्याच स्लिंगरमध्ये (गोफणवाल्या सैनिकात) मुरतं.

काय तोडायचं नाही, हेही आता पक्कं झालं आहे. टेकडीवरचं जंगल बिनधास्त जावं, खाली खाण होते. सपाटीवरचं, त्यातही नदीकाठचं, राहू द्यावं. कन्स्ट्रक्शन हे टेक आलं की जंगल न तोडता तिथं लंबर मिल होते आणि ती टाइल शेतापेक्षा शहराला जास्त उपयोगी पडते. होली साइटला लागून असलेल्या दर दोन जंगलांमागे १ आणि कॅम्पसला लागून असलेल्या दर दोन वर्षावनांमागे १ लाभ असतो, अपूर्णांक सोडून. कॅम्पसला तीन वर्षावनं लागून असतील तर एक तोडल्यानं काहीच बिघडत नाही. दोन असतील तर दोन्ही ठेवा. दगड इंडस्ट्रियल झोन या डिस्ट्रिक्टशेजारी असेल तर खदान करा. हरणं टेंपल ऑफ आर्टेमिस या वंडरच्या चार टाइलांत असतील तर तिथं शिकारीचा कॅम्प ठेवा, एक ॲमेनिटी (नागरिकांना खूश ठेवणारी सोय) मिळते. गहू-तांदूळ काढायचा तर लोकसंख्येला घरं शिल्लक आहेत का ते आधी बघा. गोडं पाणी नसलेल्या शहरात मुळात दोनच घरं असतात, तिथं २० अन्न ओतून उपयोग नाही. पर्यटनाचा डाव असेल तर हिशोब आणखी वेगळा. शेजारच्या टाइलचं आकर्षण जंगल वाढवतं, वर्षावन आणि दलदल घटवतात, आणि नॅशनल पार्कला ते आकर्षण लागतंच.

खटकतं ते असं: कन्स्ट्रक्शनपर्यंत जंगल राखणाऱ्याला गेम थोड्या जादा प्रॉडक्शनपलीकडे फारसं काही देत नाही, तोडणाऱ्याला मात्र लगेच घबाड. हवामानाच्या पडद्यावर जंगलतोडीची पातळी दिसते खरी, पण ती महत्त्वाची वाटेपर्यंत डावाचा निकाल बहुधा लागलेला असतो. दहा शहरं झाल्यावर प्रत्येक बिल्डर हातानं फिरवण्याचाही कंटाळा येतो.

म्हणून अधूनमधून माओरी किंवा व्हिएतनाम ही संस्कृती घेऊन खेळावं. माओरींना रिसोर्स काढताच येत नाहीत आणि उभ्या जंगलातून जादा प्रॉडक्शन मिळतं. व्हिएतनामचे डिस्ट्रिक्ट जंगल, वर्षावन किंवा दलदलीवरच बसतात आणि खालचं जंगल तसंच राहतं. व्हिएतनाम घेतलात तर राजधानीभोवतीच्या पहिल्या दोन कड्यांतलं एकही झाड तोडू नका. चौथ्या डिस्ट्रिक्टला जागा लागते तेव्हा ते हवं असतं.