आजोबांची गिरणीतली पेटी: घरी ठेवावी, संस्थेला द्यावी की विकावी?

गणपतीला गावी गेलं की माळा झाडला जातो आणि पत्र्याची पेटी खाली येते. दरवर्षी वरची धूळ पुसून ती पुन्हा जागेवर जाते. पण ज्या वर्षी जुनं घर पाडायचं ठरतं किंवा आजी जाते, त्या वर्षी निर्णय घ्यावाच लागतो. पेटीत साधारण काय निघतं ते गिरणगावाशी नातं असलेल्या कुणालाही सांगता येईल: तिकीट नंबर कोरलेला पितळी बिल्ला, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, संपातली हँडबिलं, एखादा गट-फोटो, घडी घातलेला बावटा आणि नशीब असेल तर साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, धोटा.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर ते रत्नागिरीकडे गावी परतले, तेव्हा ही पेटी त्यांच्यासोबत आली. तिचं काय करावं हे ठरवायला मला दोन वर्षं लागली. त्या काळात जे पर्याय पाहिले, ते इथे एकमेकांशेजारी मांडतो. माझा कल कुठे आहे तेही सांगतो.

पण त्याआधी एक काम करा. पेटीतले हक्काचे कागद वेगळे काढा. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर असलेले कामगार आणि त्यांचे वारस म्हाडाच्या गिरणी कामगार घर योजनेत बसतात. पात्रता ठरवताना गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्र, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) क्रमांक असे पुरावे विचारात घेतले जातात. लाखाहून जास्त लोकांनी अर्ज केले, आणि कागद सापडत नाही म्हणून कितीतरी घरं वर्षानुवर्षं खेटे घालत बसली. जो कागद तुम्हाला ‘आठवण’ वाटतो, तो चुलतभावासाठी घराचा पुरावा असू शकतो. हे कागद मूळ स्वरूपात कुणालाही देऊ नका, संग्रहालयालाही नाही. अर्जाचा निकाल लागेपर्यंत ते घरातच राहू द्या.

उरलेल्या कागदांना मोल आहे का, हा पुढचा प्रश्न. आहे, आणि ते नीट समजून घेतल्याशिवाय पर्यायांची तुलना करण्यात अर्थ नाही.

माझ्या आजोबांच्या पेटीत दोन वेगळ्या युनियनच्या पावत्या निघाल्या. एक गठ्ठा मान्यता असलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा, दुसऱ्या चार पावत्या १९८२ च्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या महाराष्ट्र गिरणी कामगार युनियनच्या. माझ्या चुलतभावाला वाटलं, आजोबांचं मन स्थिर नव्हतं. तसं नव्हतं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार त्या भागातल्या त्या उद्योगात किमान २५ टक्के सभासद दाखवणाऱ्या एकाच युनियनला प्रातिनिधिक मान्यता मिळायची आणि कामगारांच्या वतीनं बोलण्याचा हक्क तिचाच. म्हणजे वर्गणीची पावती हे एक प्रकारचं मत होतं आणि ते मोजलं जायचं. हा कायदाच रद्द करा, ही १९८२ च्या संपाची एक मुख्य मागणी होती. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. एकाच माणसाच्या पेटीत दोन्ही पावत्या असणं म्हणजे हे सगळं एका घरात कसं घडलं, याचा पुरावा. पावत्यांचे दोन गठ्ठे वेगळ्या ठिकाणी गेले की तो पुरावा संपला. म्हणून माझं पहिलं मत: काहीही करा, पेटी फोडू नका.

आणखी एक कारण आहे. कामगारांचा स्वतःचा कागद मुळात फार थोडा उरतो. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची मिलहँड्स असोसिएशन उभी केली, ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवलं, १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. पण त्या सभांना जमलेल्या हजारो लोकांच्या हातचं काय शिल्लक आहे? १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या, तेव्हाची हकिकतही आपण बरीचशी सरकारी कागदांतून आणि वर्तमानपत्रांतून वाचतो. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपानंतर, मार्च १९२९ मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी कम्युनिस्ट आणि युनियन पुढाऱ्यांची धरपकड झाली. झडत्यांमध्ये युनियनचे कागद जप्त झाले, कोर्टात पुरावा म्हणून दाखल झाले, आणि त्यामुळेच त्यातले पुष्कळ टिकले. सरकारनं उचलून नेलं ते राहिलं, चाळीत होतं ते गेलं. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

आता पर्याय. घरी ठेवणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात फसवं. कागद आपल्या हाताशी राहतात, लग्नकार्याला जमलेली मंडळी बघतात, आठवणी सांगतात. हे कुठल्याही संस्थेत होणार नाही. पण कोकणातला चार महिन्यांचा पाऊस, कसर, वाळवी आणि गंजणाऱ्या टाचण्या कुणाची वाट बघत नाहीत. हँडबिलं बहुतेक हलक्या, वर्तमानपत्री कागदावर छापलेली असतात. तो कागद आतूनच आंबट होत जातो, पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. घरी ठेवणार असाल तर टाचण्या आणि स्टेपल काढा, घड्या उलगडा, आम्लरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा. लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा निघत नाही आणि कागद आतल्या आत खराब होतो. सेलोटेप लावू नका. बावटा धुवायचा नाही, लाल रंग फुटतो. मलमलीत गुंडाळी करून ठेवा. बिल्ला चिंचेनं किंवा पावडरनं घासू नका, कोरलेला नंबर झिजतो. पेटी जमिनीवर नको आणि पत्र्याखालच्या माळ्यावरही नको. हे सगळं पुढची वीस वर्षं करणारं माणूस घरात आहे का, हे प्रामाणिकपणे विचारा. आमच्याकडे नव्हतं.

युनियनच्या कार्यालयाला द्यावं, हा विचार पहिल्यांदा माझ्याही मनात आला, आणि त्यामागची भावना खरी आहे. परळच्या मजदूर मंझिलसारख्या ठिकाणी गेलात तर ‘बदली कामगार’ (गैरहजर माणसाच्या जागी लावला जाणारा) म्हणजे काय, रातपाळीच्या भोंग्याचं महत्त्व काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पावती पाहून कुठल्या खात्यातला माणूस हे ओळखणारी माणसं तिथे अजून भेटतात. पण युनियनचं काम भांडण्याचं आहे, कागद सांभाळण्याचं नाही. गिरण्या गेल्या, सभासद गेले, जागेची चणचण आली. माझ्या काकांनी वीस वर्षांपूर्वी आजोबांच्या फोटोंचं एक पाकीट एका कार्यालयात मोठ्या विश्वासानं दिलं होतं. पोच घेतली नाही. मागच्या वर्षी मी विचारायला गेलो तेव्हा तिथल्या माणसांनी तीन कपाटं उघडून मनापासून शोधलं, पाकीट सापडलं नाही. त्यांना दोष देववत नाही. तरी फोटो गेले ते गेलेच.

अभिलेखागारांचं, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या संस्थांचं, चित्र वेगळं. इथे एकच एक संस्था नाही आणि प्रत्येकीचं पोट वेगळं आहे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. त्याचा मुख्य भर सरकारी दप्तरांवर. दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातल्या संग्रहात, ज्याला २०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय म्हणतात, कामगार पुढारी ना. म. जोशींचे आणि आयटक या देशव्यापी कामगार संघटनेचे कागद आहेत. म्हणजे चळवळीच्या वरच्या फळीचा पत्रव्यवहार पाहायचा तर तिथे. आपल्या पेटीच्या सगळ्यात जवळचं म्हणजे नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेतलं भारतीय श्रमिकांचं अभिलेखागार. ते १९९८ मध्ये कामगार-इतिहासाच्या अभ्यासकांच्या संघटनेसोबत उभं राहिलं आणि त्याचा भर पहिल्यापासून डिजिटल प्रतींवर आहे. तुमच्यासाठी याचा अर्थ फार मोठा: डिजिटल प्रत दिली म्हणजे मूळ कागद गमावला असं होत नाही. परदेशातही मोठी संस्था आहे, १९३५ साली अ‍ॅमस्टरडॅमला स्थापन झालेली सामाजिक इतिहासाची आंतरराष्ट्रीय संस्था, जी जगभरच्या कामगार चळवळींचे कागद जपते. पण ७५ वर्षांहून जुना, ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतो आणि खाजगी माणसाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. पणजोबांचे १९२८ चे कागद हाती लागले तर हे विसरू नका.

संस्थेची अडचण अंतराची. गिरणगावच्या माणसाची पेटी दिल्लीला गेली तर लालबागचं पोर ती कधी बघणार? शिवाय मोठ्या संस्था एकेका घराची लहान पेटी घेतीलच असं नाही. जाण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा. देणगीचा लेखी करार करता का? प्रत्येक वस्तूची नोंद होऊन क्रमांक मिळतो का? आणि आमच्या घरच्यांना पुढे हे पाहता येईल का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं नाही तर प्रती द्या, मूळ देऊ नका.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचं काम महापालिकेनं हाती घेतलं आहे. जागा याहून योग्य असूच शकत नाही. पण पेटी देण्यासाठी इमारत पुरेशी नसते, नोंदवही आणि ती लिहिणारा माणूस लागतो. तिथेही तेच तीन प्रश्न विचारा.

विक्रीबद्दल थोडक्यात. पैशांची गरज असेल तर विकण्यात लाज नाही, आजोबांनीही अडीअडचणीला भांडी विकली होती. पण बाजार काय विकत घेतो ते बघा. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा ऑनलाइन लिलावात गिऱ्हाईक मिळतं ते कापडाच्या गाठीवर लागणाऱ्या रंगीत लेबलांना, देवादिकांच्या छापील चित्रांना, फार तर मुलामा दिलेल्या बिल्ल्याला. म्हणजे मालकाच्या छापाला. संपातल्या हँडबिलाला किंवा वर्गणीच्या पावतीला किंमत किरकोळ येते. व्यापारी पेटी घेतो तेव्हा बिल्ला आणि लेबलं काढून घेतो, उरलेलं रद्दीत जातं. शंभर-दोनशे रुपयांसाठी ते करू नये, असं मी कळकळीनं सांगतो.

स्कॅनिंग हा वेगळा पर्याय नाही, ते सगळ्यांनीच करायचं आहे. साध्या कागदाला ३०० डीपीआय, फोटोंना ६००. मागची बाजूही घ्या, कारण पेन्सिलीनं लिहिलेलं बहुतेक मागेच असतं. प्रती किमान दोन ठिकाणी ठेवा, एक मुंबईत आणि एक गावी. मात्र सगळं लगेच इंटरनेटवर टाकू नका. पतपेढीच्या कर्जाचे कागद, ईएसआयच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या, वर्गणीदारांच्या याद्या यांत दुसऱ्यांची नावं आणि दुखणी असतात.

आम्ही शेवटी असं केलं. हक्काचे कागद काकांकडे राहिले, त्यांचा म्हाडाचा अर्ज चालू आहे. बाकी पेटी पूर्ण स्कॅन केली. मूळ पावत्या आणि हँडबिलं एकत्रच ठेवून, लेखी करार देणाऱ्या संस्थेशी बोलणं चालू केलं आहे. बोलणं फिसकटलं तर त्यांना प्रती देऊ. धोटा मात्र घरातच राहिला. तो माझ्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. त्याच्या टोकावर आजोबांच्या हातानं झालेली गुळगुळीत जागा आहे आणि तिथे बोट फिरवता येतं, ते काचेच्या पेटीत चाललं नसतं.

तुमच्या घरात बिल्ला आहे पण कागद नाहीत, तर घरीच ठेवा. कागद भरपूर आहेत आणि सांभाळणारं कुणी नाही, तर संस्थेशी बोला. आजी-आजोबांपैकी कुणी हयात असेल तर आधी त्यांच्याजवळ बसा आणि एकेका वस्तूबद्दल विचारून मोबाइलवर आवाज टिपून घ्या.

आमच्याकडे ते थोडं उशिरा सुचलं. आई आता ८१ वर्षांची आहे. आजोबांना ती ‘बाबा’ म्हणते. तिनं पाकिटांवर लिहायला सांगितलं आणि मी पेन्सिलीनं लिहीत गेलो: ‘बोनसच्या मोर्चाचं पत्रक, बाबा घरी आले तेव्हा शर्ट फाटला होता.’ ‘ही पावती देवघरात ठेवायचे.’ गेट मीटिंगच्या फोटोत नऊ माणसं आहेत, सहांची नावं तिला आठवली. उरलेल्या तिघांसाठी येत्या रविवारी लालबागला जायचं आहे. चाळीत आजोबांच्या गाळ्यात (खोलीत) राहिलेले एक काका अजून तिथेच आहेत, आणि त्यांना फोटोतले चेहरे आठवतात असं कळलं आहे.