पटकथा स्पर्धेचा करार: प्रवेश घेतानाच सही की जिंकल्यावर?

पटकथा स्पर्धेत उतरणाऱ्यापुढे करार साधारणपणे दोन रूपांत येतो. पहिल्या प्रकारात ऑनलाइन प्रवेश-अर्जावर ‘अटी मान्य’ म्हणून केलेली खूण म्हणजेच सगळा करार असतो. बक्षीस मिळो अथवा न मिळो, तुमच्या पटकथेवर आयोजकाचा काही काळापुरता पहिला हक्क त्याच क्षणी बसतो. दुसऱ्या प्रकारात आयोजक प्रवेशाच्या वेळी पटकथा वाचण्याची, परीक्षकांना दाखवण्याची आणि निवड झाल्यास लेखकाचे नाव व शीर्षक जाहीर करण्याची परवानगी तेवढी घेतो, आणि हक्कांचा विषय निघालाच तर तो नंतर, फक्त विजेत्याशी, वेगळ्या कागदावर मिटवतो. मी दोन्ही प्रकारच्या स्पर्धांत पटकथा पाठवल्या आहेत, आणि आज पुन्हा निवडायचे झाले तर बहुधा दुसऱ्या प्रकाराकडे वळेन. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण पुढे येईल.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण बरेच लेखक चुकीच्या कलमावर अडखळून चांगली स्पर्धा सोडून देतात. ‘आपल्या पटकथेसारखे साहित्य आमच्याकडे आधीपासून असू शकते, त्याबद्दल आपण दावा करणार नाही’ अशा अर्थाचे वाक्य वाचले की पहिला संशय चोरीचा येतो. या कलमामागे इतिहास आहे. १९५६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डेस्नी विरुद्ध वाइल्डर या खटल्यात असे मानले की, नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसला तरी, मोबदल्याच्या अपेक्षेने सांगितलेली कल्पना ऐकणाऱ्याने जाणूनबुजून स्वीकारली आणि वापरली, तर पैसे देण्याचा अलिखित करार झाला असे धरता येते. तेव्हापासून अनोळखी माणसाची पटकथा उघडण्यापूर्वी त्याच्याकडून असा कागद घेण्याची काळजी चित्रपट-व्यवसाय अधिकच घेऊ लागला. हे कलम दोन्ही प्रकारांत सापडते, त्यामुळे निवड त्यावरून करण्यात फारसा अर्थ नाही.

पहिल्या प्रकाराची बाजू मी कमी लेखणार नाही. अशी स्पर्धा बहुतेक वेळा निर्मिती करू शकणाऱ्याच संस्थेची असते, कित्येकदा प्रवेशशुल्क नसते, आणि पटकथा आवडली तर काय किंमत मिळेल हेही आधीच लिहिलेले असू शकते. ॲमेझॉन स्टुडिओजने २०१० साली खुले आवाहन केले तेव्हा पटकथा पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून १८ महिन्यांचा विनामोबदला ऑप्शन, म्हणजे त्या मुदतीत हक्क विकत घेण्याचा राखीव अधिकार, घेतला होता. १०,००० डॉलर देऊन तो आणखी १८ महिने वाढवण्याची मुभा कंपनीकडे होती, आणि हक्क विकत घेण्याची रक्कम २,००,००० डॉलर ठरवलेली होती. लेखकांकडून बरीच टीका झाल्यावर २०१२ मध्ये या अटी बदलल्या गेल्या. तरीही माझ्या मते त्या मूळ अटींत एक गुण होता: आकडे आणि मुदत दोन्ही स्पष्ट होती. निदान दीड वर्ष पटकथा अडकेल हे लेखकाला पाठवण्यापूर्वीच कळत होते.

मला नेमके तेच कळले नाही. मी ज्या स्पर्धेत उतरलो तिच्या अटींत ऑप्शन ‘निकाल जाहीर झाल्यापासून बारा महिने’ असा होता. बारा महिने मला रास्त वाटले आणि मी खूण केली. निकाल कोणत्या तारखेपर्यंत लागलाच पाहिजे, हे मात्र अटींत कुठेच नव्हते आणि माझ्या ते ध्यानातही आले नाही. निकाल एकदा पुढे ढकलला गेला, मग दुसऱ्यांदा, आणि नंतर कळवणेही थांबले. म्हणजे बारा महिने संपणे दूरच राहिले, ते सुरूच होईनात; आणि निकालापर्यंत पटकथा इतरत्र देऊ नये, असे आणखी एक कलम होतेच. त्याच काळात एका निर्मात्याने ती वाचून एकच प्रश्न विचारला: ‘हक्क मोकळे आहेत का?’ याचे उत्तर लेखी लागते, कारण हक्कांची साखळी, म्हणजे हक्क कोणाकडून कोणाकडे गेले याचा हिशेब, स्वच्छ नसेल तर पुढे पैसा उभा राहत नाही. मला ‘हो’ लिहिता आले नाही. ‘नाही’ लिहावे तर ते हक्क कोणी वापरतही नव्हते. आयोजकाला पाठवलेल्या पत्रांना सौजन्यपूर्ण उत्तरे आली, पण त्यांत तारीख नव्हती. निर्माता काही महिने थांबला आणि मग थांबला नाही. माझी पटकथा कोणी चोरली नाही, कोणी फसवले असेही म्हणता येणार नाही. एका अनुपस्थित तारखेने ती बसवून ठेवली. नुसत्या खुणेला सही कोण म्हणेल, असे मीही स्वतःला समजावून पाहिले. परंतु अमेरिकेसारख्या देशात २००० सालच्या कायद्यापासून सही केवळ इलेक्ट्रॉनिक आहे एवढ्यावरून ती नाकारता येत नाही, आणि त्या खुणेवर वाद घालण्याइतका पैसा व वेळ नवख्या लेखकाकडे नसतो.

दुसऱ्या प्रकारात हा त्रास मला झालेला नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे ऑस्कर देणाऱ्या अकादमीची, १९८६ पासून दिली जाणारी निकोल फेलोशिप: तिथे विजेत्याच्या पटकथेवरही अकादमी हक्क घेत नाही, अपेक्षा एवढीच की फेलोशिपच्या वर्षात लेखकाने एक नवी पूर्ण लांबीची पटकथा लिहावी. मात्र या प्रकारातल्या स्पर्धांना बहुधा शुल्क असते, आणि कौतुकापलीकडे काहीच न घडण्याची शक्यता मोठी असते. एक सापळाही आहे. ‘विजेत्याने आयोजक देईल त्या नमुन्यातील करारावर सही न केल्यास बक्षीस रद्द’ असे वाक्य असेल, तर तो नमुना प्रवेशापूर्वीच मागून वाचावा. नाही तर हा दुसरा प्रकार म्हणजे पहिलाच, फक्त उशिरा उघडणारा. प्रसिद्धीसाठी दिलेली परवानगी नाव, शीर्षक आणि कथासारापुरती आहे की संपूर्ण पटकथेची, ‘कायमस्वरूपी व अपरिवर्तनीय’, हेही पाहून घ्यावे.

हातात अनेक पटकथा असतील आणि त्यांतली एखादी वर्ष-दोन वर्षे अडकली तरी चालणार असेल, तर स्पष्ट मुदतीची पहिल्या प्रकारची स्पर्धा वाईट नाही. म्हणूनच वर ‘बहुधा’ म्हटले. एकुलती एक, जिवापाड जपलेली पटकथा असेल, तर मी ती तिथे देणार नाही. सध्या मी शुल्क भरण्यापूर्वी प्रत्येक आयोजकाला एकच प्रश्न लेखी विचारतो: काहीही झाले तरी माझी पटकथा कोणत्या तारखेला पूर्णपणे मोकळी होईल? गेल्या खेपेस एकाने त्याच दिवशी तारीख कळवली आणि दुसऱ्याने नियमावली वाचण्यास सुचवले. ती मी आधीच दोनदा वाचली होती.