चुंबक चिकटलं नाही म्हणजे तांबं नव्हे

नागपूरच्या मानेवाड्यात आमचं घर जुनं. वरची खोली भाड्यानं द्यायची होती, आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नुसत्या कूलरवर भाडेकरू टिकत नाही, म्हणून जुनाच पण चालता विंडो एसी घेतला आणि त्याच्यासाठी नवं वायरिंग काढलं. कंत्राटदार ओळखीतला, शेजारच्या लग्नात लायटिंग केलेला. "ताई, अडीच एमएमची अस्सल तांब्याची वायर टाकून देतो, जन्मभर पाहायचं काम नाही." ३८,००० रुपये ठरले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी काहून भरता ताई?" आणि मीही हौ म्हटलं. ही चूक माझी.

मला शंका आली नव्हती, त्यानंच स्वतःहून खिशातून चुंबक काढलं. वायरच्या सोललेल्या टोकाला लावून दाखवलं. चिकटलं नाही. "पाहा, शुद्ध तांबं!" मग मल्टिमीटर लावला, तो बीप झाला. "मीटरही बोलून राहिला." मी चहा ठेवायला आत गेले.

चुंबक ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही. आणि तो बीप फक्त वायर मध्ये तुटलेली नाही एवढंच सांगतो. ती जाड की बारीक, कशाची, हे नाही. हे मला वर्षभरानं कळलं.

मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की वरची ट्यूबलाईट डोळे मिटायची. भाडेकरू मुलगा पॉलिटेक्निकचा. मी आधी त्यालाच बोलले, इंडक्शनवर काही शिजवतोस का म्हणून. कंत्राटदाराला बोलावलं तर त्यानं बोट वर केलं: "वरूनच व्होल्टेज कमी येऊन राहिलं, स्टॅबिलायझर लावा." तो त्याच्याकडेच होता, ४,५०० चा. लावला. पंधरा दिवसांत एसीच्या सॉकेटचं एक भोक तपकिरी झालं.

मग तो मुलगा कॉलेजमधल्या मित्राचा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा अडकवून प्रवाह मोजायचा मीटर, घेऊन आला. "काकू, बादली आणि पाणी तापवायचा रॉड द्या." रॉड २००० वॅटचा. एसी आणि स्टॅबिलायझर काढून त्यानं रॉड त्याच सॉकेटला लावला आणि मला कागद-पेन दिला. आधी हिशेब: २३० ला २३० ने गुणून २००० ने भागलं की रॉडचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा येतो, सुमारे २६.४५ ओहम.

रॉड बंद असताना खाली मेन बोर्डावर २३१ व्होल्ट, वरच्या सॉकेटलाही २३१. म्हणजे सगळं छान! रिकाम्या वायरला काही मोजायला गेलं की ती सज्जनच दिसते, कारण प्रवाहच नाही. रॉड सुरू केला. खाली २३०, वर २२३. प्रवाह पाहायला त्यानं क्लॅम्प आख्ख्या केबलभोवती अडकवला तर शून्य आलं, कारण जाणारा आणि परत येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात. हसला, केबलवरचं बाहेरचं आवरण सोलून एकाच वायरभोवती लावला, ८.४ अँपिअर. २२३ भागिले २६.४५ केलं तर तेवढेच येतात. रॉड तरी खरा निघाला.

मधले ७ व्होल्ट वायरनं खाल्ले. ७ भागिले ८.४, रोध ०.८३ ओहम. बोर्डापासून सॉकेट २२ मीटर, जाऊन-येऊन ४४. अडीच एमएमच्या, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाच्या, तांब्याचा रोध १००० मीटरला साधारण ७.४ ओहम, म्हणजे ४४ मीटरला ०.३३. आमच्या वायरीचा अडीच पट! साध्या मल्टिमीटरला एवढे बारीक ओहम नीट मोजता येत नाहीत, त्याच्या स्वतःच्या वायरीच तेवढा रोध दाखवतात. म्हणून लोड टाकून व्होल्ट आणि अँपिअर मोजायचे.

७ गुणिले ८.४, म्हणजे जवळजवळ ५९ वॅट भिंतीत जात होते. बिलात फार फरक पडत नाही, खोटं कशाला सांगू. पण ती उष्णता सगळीकडे सारखी नसते. ॲल्युमिनियमचा स्क्रूखालचा जोड हळूहळू सैल होतो, त्यावर ऑक्साईड चढतं, आणि सगळा ताप तिथेच साठतो. सॉकेट त्यामुळेच तपकिरी. कॉम्प्रेसर सुरू होताना तर प्रवाह कितीतरी पट वाढतो, म्हणून ट्यूब मिणमिणायची. आणि स्टॅबिलायझर? पडलेलं व्होल्टेज वर चढवायला तो वायरीतून जास्तच अँपिअर ओढतो, आणि वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. म्हणजे ४,५०० देऊन मी आगीत तेल विकत घेतलं होतं.

माळ्यावर उरलेला एक तुकडा सापडला. ब्लेडनं खरवडला, वरून तांबूस, आत पांढराफटक. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, तेही बारीक. आवरणावर २.५ छापलेलं, पण आयएसआयचा लायसन्स नंबर कुठेच नाही. तो असला तर आयएसआय मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहता येतो. बंडलांचे खोके कंत्राटदारानं काम होताच नेले होते, "कचरा उचलतो ताई" म्हणून. किती काळजी!

फोन केला तर आधी "वायर बदलून देतो ना", मग "त्या पोराला काय समजते", मग फोनच बंद. १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला विचारलं. त्यांचा पहिला प्रश्न, बिल आहे का.

नवी वायर मी स्वतः पक्क्या बिलावर आणली. ९० मीटरचं बंडल किराणावाल्याच्या काट्यावर ठेवलं. अडीच एमएममध्ये नुसतं तांबंच २ किलोच्या आसपास हवं, वरून आवरण वेगळं. मुलानं दुसऱ्या वायरमनकडून टाकून घेतली, पुन्हा रॉड, पुन्हा बादली: खाली २३०, वर २२७.

काढलेली वायर कबाडीवाल्याला दिली. त्यानं न विचारताच कटरनं एक टोक छाटलं, डोळ्याजवळ धरलं आणि म्हणाला, "तांब्याचा भाव नाही मिळणार ताई."