आवाज वाढवला की ढम् गायब: कंपनीच्या सबवूफरचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे, त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस गाडीत जातात. तीन वर्षांपूर्वी टॉप मॉडेल घेतलं ते निव्वळ सबवूफरसाठी, म्हणजे फक्त खालचे, ढम् ढम् सूर वाजवणाऱ्या स्पीकरसाठी. शोरूममध्ये गाडी उभी, काचा बंद. तिथं कुठलाही सब गोडच वाजणार. खरी परीक्षा पेठनाक्याच्या रस्त्यावर, ऐंशीच्या वेगात. टायरची घरघर नेमकी खालच्या सुरांवर बसते. म्हणून मी आवाज वाढवायचो, तर ढम् आणखीच पातळ व्हायचा. संबळ वाजतोय की पत्र्याचा डबा, कळायचं नाही.

एका रात्री दारात गाडी लावून डिकीच्या तळावर हात ठेवला आणि पोराला आवाज वाढवायला सांगितलं. दहावर थरथर लागली. अठरावर छान लागली. पंचविसाच्या पुढं गाणं ओरडायला लागलं, पण हाताखालची थरथर मात्र कमी झाली! ही बिघाडाची भानगड नाही, ही कंपनीचीच तजवीज. छोटा स्पीकर फाटू नये म्हणून आवाज चढेल तसे खालचे सूर आतल्या आत छाटले जातात.

शेवटी विश्रामबागेतल्या एका दुकानात गेलो. पोऱ्यानं स्टेपनीच्या खाचेतला तो सब काढून माझ्या हातात दिला. आठ इंची, कागदी कोन, बोटानं दाबलं तर दबेल असलं प्लॅस्टिकचं खोकं. मिस्त्री म्हणाले, "शेठ, ह्याच्यापेक्षा आमच्या चहाचा थर्मास जड हाय की ओ." मिरजेचा तंबोरेवाला दोस्त सोबत होता. तो म्हणाला, तंबोऱ्याचा भोपळा घुमावा लागतो, सबच्या खोक्यानं मात्र गप्प बसायचं असतं. हे तर स्वतःच गायला लागतंय.

मी दहा इंची सब घेतला, १८ मिलिमीटर एमडीएफच्या (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या) बंद खोक्यात. आठ आणि दहात दोनच इंचांचा फरक वाटतो, पण कोनचं क्षेत्रफळ दीडपटीच्या वर जातं. पुठ्ठ्यावर १२०० वॉट छापलंय, त्याला भुलू नका. आत बारीक अक्षरात आरएमएस ३०० आहे, म्हणजे सब सतत पेलेल एवढी ताकद. तोच खरा आकडा. पोत्यावरचं वजन आणि काट्यावरचं वजन, आमच्या धंद्यात हे शिकवावं लागत नाही. बॅटरीपासून सबला ताकद देणाऱ्या अँपपर्यंत थेट चार गेजची जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, आणि अर्थिंगसाठी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्ट. ही कामं समोर उभं राहून करून घ्या.

आणि गंमत बघा, एवढं करूनही पंचविसाच्या पुढं ढम् कमीच! कारण स्टिरिओ कंपनीचाच ठेवला होता आणि सिग्नल त्याच्याच स्पीकरच्या तारांवरून घेतला होता. छाटणी स्टिरिओतच होत असेल तर पुढं कितीही मोठा सब लावा, त्याच्यापर्यंत छाटलेलंच येणार. ते भरून काढणारा वेगळा प्रोसेसर मिळतो, पण त्याचे पैसे ऐकून मी नको म्हटलं. मिस्त्रींनी स्टिरिओ अठरावर ठेवून त्या आवाजाला अँपचा गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, जुळवला, ८० हर्ट्झच्या वरचे सूर सबला बंद केले आणि बासचं एक बटण गिअरशेजारी आणून दिलं. आता मी अठराच्या पुढं जातच नाही, गरजच पडत नाही. डग्ग्याचा घुमार पहिल्यांदा पाठीत जाणवला तो आयर्विन पुलावर, गाड्या तुंबलेल्या असताना.

सगळं मिळून २६ हजार गेले. टॉप मॉडेलसाठी मोजलेले जादा पैसे धरले तर हा सब सोन्याचा पडला. मागची नंबर प्लेट खडखडायला लागली, तिच्यामागं फोमची पट्टी चिकटवली. डिकी निम्मी गेली. हळदीच्या नमुन्यांच्या पिशव्या आता मागच्या सीटवर असतात, आणि पहिल्याच आठवड्यात एक फुटली. सीट अजून पिवळीच आहे.